दुपारी रस्ता ओलांडणारा बाजार

गुडीहत्नूरच्या आठवडी बाजारात एका सकाळी रस्त्यावर एकही भाजीवाली बसली नाही, आणि याला जबाबदार मी आहे. तिथली ग्रामपंचायत नाही, पोलीस नाहीत, ऊनही नाही. पुण्यात एका पतसंस्थेत हिशेब लिहिणारा मी माणूस. आपल्या तोंडच्या शब्दानं एखाद्या गावाचा बाजार उठेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण फोनवर थोडी फुशारकी मारली आणि तसं झालं. ते सगळं आता लिहून काढतो आहे. आदिलाबाद जिल्ह्यात आपल्याकडचं सहसा कोणी फिरायला जात नाही, आणि मी तिथं जाऊन काय करून ठेवलं हेही कोणाला ठाऊक नाही.

माझी मुलगी सायली इंजिनियर आहे. पूल आणि रस्ते बांधणाऱ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून ती हैदराबादला विद्यापीठात नगरनियोजन शिकायला गेली. गावं आणि शहरं कशी वाढावीत, माणसांना चालायला, बसायला, विकायला जागा कशी मिळावी, याचा हा अभ्यास. मला तो पटला नव्हता. सोसायटीत कोणी विचारलं की मी म्हणायचो, "परीक्षांची तयारी करते आहे." कसल्या परीक्षा ते सांगायचो नाही.

पहिल्या वर्षाला तिला एक काम मिळालं. एखादं छोटं बाजाराचं गाव निवडायचं, बाजाराच्या दिवशी तिथल्या रस्त्याचा नकाशा काढायचा. दुकानं कुठं आहेत एवढंच नाही, तर कोण कुठं बसतं, कुठं थांबतं, सावली कुठं पडते, सगळं. तिनं गुडीहत्नूर निवडलं, आणि ते माझ्यामुळे. लहानपणी मी सुट्टीत आत्याकडे तिथं जायचो. आमचं मूळ गाव यवतमाळकडचं, आत्याला पैनगंगेच्या पलीकडे दिलेलं. तिथला बाजार दुपारी उठून रस्ता ओलांडतो, हे मी सायलीला जेवताना कितीदा तरी रंगवून सांगितलं होतं. तिला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. "बाबा, येता का?" तिनं विचारलं. मी आनंदानं हो म्हटलं आणि लगेच आतेभाऊ मधुदादाला फोन लावला. चूक तिथंच झाली.

"पोट्टी काय शिकून राह्यली मंग?" मधुदादानं विचारलं.

"नगरनियोजन."

"मंजे? डाक्टर नाई, इंजिनियर होती ते सोडलं. मंग मंजे काय?"

मला ते सांगता येईना. मग मी म्हणालो, "अरे, रस्ता कुठून न्यायचा, काय ठेवायचं, काय पाडायचं, हे ठरवणारे लोक असतात ना? ते. तुमच्या गावाचा नकाशा करायला येते आहे."

"बाप्पा! मोठी अफसर झाली मंग!"

मी नाही म्हटलं नाही. वर तिचा एक फोटोही पाठवला.

आदिलाबाद

पहाटे आदिलाबादच्या स्टेशनवर उतरलो. फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी अंगावर चादर घ्यावी अशी थंडी आणि दहा वाजता डोक्यावर टोपी शोधावी असं ऊन, असा तिथला हिशेब. सायली हैदराबादहून रात्रीच्या बसनं येऊन माझी वाट पाहत होती. पाठीवर कागदांची लांब नळी, हातात टेप, डोळ्यांत झोप. मला पाहून ती इतकी हसली की मला आत कुठंतरी टोचलं.

रिक्षावाल्यानं उर्दूत विचारलं, "काँ जाना साब?" मी हिंदीत उत्तर दिलं, तर तो मराठीत म्हणाला, "मंग आधी टिफिन करून घ्या ना." आपल्याकडे टिफिन म्हणजे घरून नेलेला डबा. तिथं टिफिन म्हणजे सकाळचं खाणं, आणि ते झालं का हे नमस्काराऐवजी विचारतात. एका टपरीवर इडली आणि मैसूर बज्जी खाल्ली. बज्जी म्हणजे गोल, आतून जाळीदार भजी. शेजारच्या बाकावर दोन माणसं कापसाच्या भावावरून भांडत होती, एक तेलुगूत, दुसरा मराठीत. दोघांनाही सगळं कळत होतं आणि कोणीही भाषा बदलत नव्हतं. पुण्यात आम्ही एका भाषेत भांडतो तरी समोरच्याचं काही ऐकून घेत नाही.

कापसाच्या बाजाराबाहेर गाड्यांची रांग होती. सायली त्या रांगेकडे पाहत राहिली. "बाबा, बघा, रांग सरळ नाहीये. सगळ्यांनी त्या कडुलिंबाच्या सावलीकडे वळवून घेतली आहे." मी मान डोलावली. मला फक्त कापूस दिसत होता.

गुडीहत्नूर

हायवेवरून गुडीहत्नूर जवळच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, आणि मध्येच पळस असा पेटलेला की वाटावं शेतात कोणी शेकोटी करून विसरून गेलंय. बसमधून उतरलो आणि समोर पाहून माझे पाय थांबले.

रस्त्यावर आडवं, दोन विजेच्या खांबांना बांधलेलं भलं मोठं फ्लेक्स. त्यावर सायलीचा हसरा फोटो. खाली तेलुगूत मोठ्या अक्षरांत काहीतरी, आणि त्याखाली मराठीत: सायली मॅडम यांचे हार्दिक स्वागत.

"हा माझा फोटो यांच्याकडे कसा?" सायलीनं विचारलं.

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "स्थळासाठी पाठवला होता मधूला."

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की स्थळ आणि फोटो दोन्ही मी गिळून टाकावेत. पुढे बोलायला वेळच मिळाला नाही. मधुदादा आठ-दहा दुकानदारांना घेऊन आला. सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. एक म्हातारे गृहस्थ जमिनीचं पहाणीपत्रक काढून उभे राहिले. आपल्याकडे सातबाराचा उतारा असतो, तशी तिथली ही पहाणी. "मॅडम, माझा कब्जा बापजाद्यापासून हाय. आधी माझं पाहून घ्या," ते म्हणाले.

"काका, मी विद्यार्थिनी आहे," सायली म्हणाली.

"हाव हाव, मोठे लोक असंच म्हंतात," मधुदादा कौतुकानं म्हणाला.

सायलीनं मला बाजूला घेतलं. "बाबा, यांना काय सांगितलंय कोणी?"

"इथले लोक आदरातिथ्य करतात फार," मी म्हणालो.

रात्री वहिनीनं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला. सायलीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. मला एकही जाईना. ठेचा तिखट आहे म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी सांगितलं, आणि तेही खोटंच होतं.

बाजाराचा दिवस

सकाळी कागद, पेन्सिली आणि टेप घेऊन आम्ही निघालो. गुडीहत्नूरचा जुना रस्ता उत्तर-दक्षिण जातो, दोन्ही बाजूंना दुकानं. उन्हाळ्यात सकाळची सावली पूर्वेच्या दुकानांसमोर पडते आणि दुपारी ती पश्चिमेच्या दुकानांसमोर जाते. भाजीवाल्या सावलीमागं जातात. प्रत्येकीची दोन दुकानदारांशी जुनी बोली असते, एक सकाळचा, एक दुपारचा. दुकानदार समोरची जागा आणि माठातलं पाणी देतो, तो जेवायला गेला की ती दुकानाकडे लक्ष देते. आमच्या पुण्यात दुकानासमोर कोणी स्कूटर लावली तरी मालक काठी घेऊन बाहेर येतो. इथं समोर बाई बसली नाही तर गिऱ्हाईक विचारतं, दुकान बंद आहे का?

आणि त्या दिवशी एकही बाई बसलेली नव्हती.

रस्ता झाडून काढलेला, पाणी मारलेलं. पत्र्याच्या छपऱ्या काढून आत ठेवलेल्या. दुकानांसमोर चुन्याची सरळ रेघ. मंत्री येणार असल्यासारखं सगळं स्वच्छ आणि निर्जीव. ना टोपली, ना ओरडा, ना एखादी शेळी.

सायलीनं एक तास वाट पाहिली. दोनदा रस्ता चालून आली. मग शिंप्याच्या पायरीवर बसली आणि कागदाकडे पाहत राहिली. कागद कोरा होता.

"आमच्या सरांनी एकच गोष्ट बजावली होती," ती म्हणाली. "जसं आहे तसं आणा, जसं दिसावंसं वाटतं तसं नको. मी इथं आले आणि इथं काहीच नाहीये. पुढच्या बाजाराला मी वर्गात उभी असेन, सगळ्यांसमोर, हा कागद लावून."

"दुसरं गाव घे," मी म्हणालो. आता बोलायलाही लाज वाटते, पण तेव्हा हेच सुचलं.

"आता वेळ नाही." तिनं पेन्सिल पिशवीत टाकली. "बाबा, तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं बहुतेक. मला रस्ता बांधता येतो. रस्त्यावरची माणसं वाचता येत नाहीत. जुन्या कंपनीत अजून जागा आहे, साहेबांचा मेसेज आला होता."

वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. आता ते ऐकवत नव्हतं.

"पाणी घेऊन येतो," असं म्हणून मी उठलो आणि दुकानांच्या मागं गेलो. तिथं नाल्याच्या कडेला, मोकळ्या मैदानात, भर उन्हात सगळा बाजार बसला होता. गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. टोमॅटो मऊ पडत होते, मेथी माना टाकत होती. एका बाईनं पदर डोक्यावर ओढून माझ्याकडे पाहिलं. तिला मी ओळखत नव्हतो, ती मला ओळखत होती. सकाळी शिंप्याच्या आणि दुपारी मधुदादाच्या दुकानासमोर बसणाऱ्या या शांताबाई, हे मला मागाहून कळलं.

"तुमीच ना मॅडमचे बाबा?"

"हो."

"तुमची पोरगी आली अन् आमचा बाजार उठला. दुकानदार म्हंते, रस्त्यावर बसान तर मॅडम लिहून नेईन, मंग रस्ता रुंद होते, दुकानं पडते. आमाले काय, आमी नाल्यावर बसू. पन सावली घेऊन आली असती ना तुमची पोरगी, तर बरं झालं असतं!"

आजूबाजूच्या बाया हसल्या. मला मात्र ते हसणं चपराकीसारखं लागलं.

"बाई," मी म्हणालो, "ती काही पाडायला आली नाही. ती शिकते आहे अजून. तुम्ही कुठं बसता तेच काढायला आली आहे."

"मंग अफसर हाय असं कोनं सांगितलं?"

"मी."

शांताबाईंनी पदर मागं सारला. "काऊन?"

काऊन, म्हणजे का. शेजारी कांदा-बटाट्याचा टेम्पो उभा होता. त्याच्या टपावर भोंगा, आणि भोंग्यातून तीन भाषांत कांद्याचा भाव. मी टेम्पोवाल्याकडे गेलो. "भाई, माइक देंगे? दो मिनिट."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "क्या बेचते तुम?"

"कुछ नहीं. माफी माँगनी है."

"किसकू?"

"सब को."

"तो पूरा जोर से बोलो," तो म्हणाला, आणि आवाज वाढवून माइक माझ्या हातात दिला. टेम्पो त्यानं स्वतःच हळूहळू जुन्या रस्त्यावर आणला. मी मागं कांद्याच्या पोत्यांवर उभा. आयुष्यात मी कधी वर्गातसुद्धा हात वर केला नव्हता.

"मी मधुकरचा मामेभाऊ विलास," मी बोलायला लागलो. माझाच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. "माझी मुलगी अफसर नाही. ती विद्यार्थिनी आहे. तिच्या नकाशानं कोणाचं दुकान पडणार नाही. तिला हा बाजार आहे तसा कागदावर काढायचाय. अफसर आहे हे मी फोनवर सांगितलं. खोटं सांगितलं. तुम्हाला उन्हात बसावं लागलं त्याबद्दल मी माफी मागतो." मग तेच हिंदीत. तेलुगू मला येत नव्हती, माफ करा याला टेम्पोवाल्यानं एक शब्द सांगितला आणि तो मी तीनदा म्हटला: "क्षमिंचंडी."

मग शिंपी दारात आला. "मंग आमी छपरी काऊन काढली बे?"

"अन् शाल?" कोणीतरी मागून ओरडलं. "शाल परत घ्या!"

"नारळ तं खाल्ला असन!" सगळा रस्ता हसला.

शांताबाई आपली टोपली कमरेवर घेऊन नाल्याकडून येऊन उभ्या होत्या. "कोन्तं खरं धरावं? फोनवरचं का भोंग्यावरचं?"

"भोंग्यावरचं," मी म्हणालो. "फोनवर मला तुम्ही दिसत नव्हता."

त्यांनी टोपली शिंप्याच्या दुकानासमोर धपकन ठेवली, चुन्याच्या रेघेच्या बरोबर वर. त्यानंतर बाकीच्या आल्या.

सायली पायरीवरून उठली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. फक्त टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तिकडं धरा. हलवू नका."

पुढचे दोन तास मी काहीही विचारलं नाही. ती सांगेल तिथं टेप धरली, शिंप्याची छपरी परत बसवताना बोट चेचून घेतलं, आणि एका शेळीनं तिचा एक कागद खाल्ला तेव्हा शेळीच्या तोंडातून तो ओढून काढला. मधुदादा घुश्शात होता, पण फ्लेक्स उतरवताना त्यानं ते नीट गुंडाळून ठेवलं. "पोट्टी खरी अफसर होईन तवा कामी येईन," तो म्हणाला.

मग ऊन डोक्यावर आलं. पूर्वेच्या दुकानांसमोरची सावली आटत आटत पायरीला चिकटली. शांताबाईंनी वर पाहिलं, कोणाला काही सांगितलं नाही, टोपली उचलली आणि रस्त्यात पाऊल टाकलं. त्यांच्यामागं दुसरी, मग तिसरी. टोपल्या, तराजू, गोणपाटं, एका कडेवर पोर, दुसऱ्या कडेवर भोपळा. सगळा बाजार रस्ता ओलांडू लागला. उटनूरकडून आलेली बस थांबली. मला वाटलं, आता हॉर्न वाजणार. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खिडकीतून हात काढून जाणाऱ्या टोपलीतली वांगी निवडली आणि आरामात विकत घेतली. लहानपणी हे मी पाहिलं होतं, पण एका मुलाच्या डोळ्यांनी, गंमत म्हणून.

"बाबा!" सायली ओरडली. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, हात वेगानं चालत होता. "बघा, पलीकडे त्या उभ्याआडव्या कशाही बसत नाहीत. ज्यांच्याकडे पालेभाजी आहे त्या माठाजवळ. कांदे-बटाटे उन्हाच्या कडेला. आणि ही फट मुद्दाम सोडली आहे, बायकांना बाळं घेऊन आत जायला. हे कोणीच आखलेलं नाही, आणि तरी सगळं आखलेलं आहे!"

मी पाहिलं. या खेपेला मला खरंच दिसलं. रस्त्यावर डांबर, दुकानं आणि भाजी एवढंच पाहणारा मी. माझ्या मुलीला तिथं एक अख्खं गाव एकमेकांना जागा देताना दिसत होतं. तिच्या कागदावर ती माणसं छोट्या गोलांनी उमटत होती. प्रत्येक गोलाला एक बाण होता, सकाळच्या जागेपासून दुपारच्या जागेपर्यंत.

बोथकडे

दुसऱ्या दिवशी ती मला बोथला, शेजारच्या तालुक्याच्या गावी, घेऊन गेली. हायवे सोडून आत वळलं की सागाचं जंगल लागतं. फेब्रुवारीत साग निष्पर्ण, उंच आणि करडा, आणि त्यातून पळसाचे भडक ठिपके. कचेऱ्यांची असली गावं मला कधीच पाहण्यासारखी वाटली नव्हती. सायलीनं तिथंही कचेरीबाहेर लोक कुठं उभे राहून वाट पाहतात ते काढून घेतलं. एका हॉटेलात मिरची भजी खाल्ली. मालक म्हणाला, "तुमी गुडीहत्नूरचे भोंगेवाले काय?" बातमी आमच्या आधी पोचली होती. सायली खो खो हसली. आदल्या सकाळपासून प्रथमच ती माझ्याबरोबर हसली होती.

बोथजवळ पोचेराचा धबधबा आहे. पावसाळ्यात तो म्हणे कानठळ्या बसवतो. आम्ही गेलो तेव्हा रुंद काळ्या खडकावरून पाण्याचे दोनतीन ओघळ आळसात उतरत होते. खडकावर बसून तिनं पाय पाण्यात सोडले. मीही सोडले. चेचलेल्या बोटाला गार पाणी बरं वाटलं.

"बाजाराची माफी मागितलीत," ती म्हणाली. "भोंग्यावरून."

"हो."

"माझी राहिली आहे. भोंगा नसला तरी चालेल."

मी कालपासून मनात एक भाषण जुळवत होतो. ते सगळं विसरलो.

"तू काय शिकतेस हे मला कोणाला सांगावंसं वाटलं नाही," मी म्हणालो. "सोसायटीत मी तुझा विषय लपवला. मधूजवळ तो फुगवला. दोन्ही एकच. तू जेवढी आहेस तेवढी मला पुरत नव्हती, म्हणून. काल ते मी पाहिलं. माझं चुकलं, सायली."

"आता सोसायटीत कोणी विचारलं तर नीट सांगा," ती म्हणाली, आणि जुन्या साहेबांच्या मेसेजला 'येणार नाही' असं उत्तर लिहून तिनं फोन पिशवीत टाकला.